ताईला उचलण्यापुरतं लोखंड

६ जानेवारी

"उचलून दाखव!" म्हणे. धाकटा भाऊ. ज्याची शाळेची चड्डी मी शिवून दिली, तो आज माझ्याच खुर्चीत बसून मलाच परीक्षा लावून गेला.

झालं ते असं. सकाळी ताईला पलंगावरून खुर्चीत बसवायला गेले आणि दोघी खाली. ताई वर, मी खाली — माझ्यावर पडली म्हणून तिच्या खुब्याला काही झालं नाही. नोव्हेंबरात न्हाणीघरात पडून तो खुबा मोडला, आत लोखंड घातलं, तरी डावा पाय भार घेत नाही तो नाहीच. तर आम्ही दोघी फरशीवर. मी हाका मारतेय आणि नेमका भाऊ दारात! एरवी महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. त्यानं आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मिळून ताईला उचललं. मग त्यानं बॅगेतून अर्ज काढला. शुश्रूषागृहाचा. म्हणजे आधीच आणून ठेवलेला!

"छोटीताई, तू सहासष्टची. ती अठ्ठावन्न किलोची. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय. तूच विचार कर."

मी म्हटलं, "मी माणसांचा विचार आकड्यांनी करत नाही." चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. तो हसला, आणि त्याचं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

शेवटी ठरलं — तीन महिने. दहा एप्रिलला तो येणार. मी एकटीनं, कुणाचाही हात न लागता, ताईला पलंगावरून खुर्चीत बसवायचं. बसवलं तर अर्ज त्याच्यासमोर फाडायचा. नाही तर ताई तिकडे.

ताई हे सगळं पडल्या पडल्या ऐकत होती. आयुष्यभर तारखात्यात होती, शब्द मोजून वापरते. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "छोटे, तिकडे नको."

९ जानेवारी

ताईच्या पायासाठी येते ती फिजिओ आली होती. तरतरीत मुलगी, आवाज सैन्यातला. मी सरळच विचारलं, या वयात माणूस बळकट होतो का?

"स्नायूंना वय कळत नाही, आजी. त्यांना फक्त वजन कळतं."

"आजी कुणाला म्हणतेस?"

"बरं, बाई. उठाबशा काढा बघू. खुर्चीवरून. हात न टेकता."

चार काढल्या. पाचवीला मांड्या लटपटल्या. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावले तर झाकलं!

म्हणाली, चार गोष्टी हव्यात. मांड्या, नितंब, पाठ, पकड. बाकी सगळी शोभा. "यंत्रं घेऊ नका. यंत्रं तुम्हाला बसवून ठेवतात. तुम्हाला जमिनीवरून काहीतरी जड उचलायला शिकायचंय. बस." हे मला पटलं. कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी बारा वर्षं पाठ ताठ ठेवायला शिकवलं. डोक्यावर पुस्तक ठेवून चालवलं. पण खाली वाकून एखादं माणूस कसं उचलायचं, ते कुणी शिकवलं नाही. वाकणं बहुधा अभ्यासक्रमात नव्हतं.

१२ जानेवारी

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेले. भिंतभर आरसे. मालक पन्नाशीचा, दंड मांडीएवढे, मान नाहीच. माझ्याकडे बघून मागे कुणी आहे का ते बघितलं.

"नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

मग त्यानं मला पळण्याचा पट्टा दाखवला. म्हटलं, मला कुठेही पळून जायचं नाही. मग एक अगडबंब सांगाडा — बसा, ओढा, ढकला, "घरच्या घरी पूर्ण जिम, मॅडम!" आमच्या खोलीत तो ठेवला तर ताईला गच्चीत झोपवावं लागेल. नाकापेक्षा मोती जड! शेवटी, दया येऊन असेल, त्यानं एक डबी उघडली. आत दोन गुलाबी डंबेल.

"बायकांसाठी खास. एक-एक किलो."

"माझी बहीण गुलाबी नाही," मी म्हटलं, "आणि एक किलोचीही नाही."

काही न घेता आले. खोक्यांवरच्या सगळ्या बायका वीस वर्षांच्या. घामाचा थेंब नाही. खोटारड्या!

१४ जानेवारी

स्टीलच्या टेपनं खोली मोजली. ताईचा पलंग, कपाट आणि चाकाची खुर्ची सोडून मोकळी जागा सहा फूट बाय साडेचार. यात जे मावेल तेच.

लांब दांडा आणि चकत्या — सात फुटी. बाद. भिंतीला भोक पडेल.

चकत्या बदलता येणारे डंबेल. दोन दिवस मनात हेच होतं. पण आयुष्यभर मी सैल पेच आणि सरकणाऱ्या कड्या पाहिल्यात. डोक्याच्या वर लोखंड आणि ते एका पेचाच्या भरवशावर! नको.

रबराचे पट्टे. याला माझा तात्त्विक विरोध. रबराचं वजन कुणी शिक्का मारून देत नाही — किती ओढलं ते कळणार कसं? पण फिजिओ म्हणाली पाठीसाठी हवाच. एक घेणार. मनाविरुद्ध.

केटलबेल. लोखंडी गोळा, वर जाड कडी. एक तुकडा, ओतीव, पेच नाही, काही सुटत नाही, सरकत नाही. दोन पायांत ठेवायचा, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, उचलायचा. फिजिओ म्हणते, माणसाच्या कमरेला पट्टा बांधून उचलतात तेव्हा पकड अगदी अशीच असते. हे ऐकलं आणि ठरलं. आठ किलोचा एक, सोळाचा एक. जमलं तर पुढे चोवीसचा.

आणि एक स्टूल, ताईच्या पलंगाच्या उंचीचं. ते घरात आहे.

एवढंच. ताईला यादी वाचून दाखवली. "मोजकं," म्हणाली. तिच्याकडून ही मोठी शाबासकी.

१७ जानेवारी

मला फसवायला निघाले! मला!

गोळे घरी आले. सोळाचा उचलला — दोनदा — आणि हाताला काहीतरी खटकलं. हाताला कळतं. एवढी वर्षं व्यापाऱ्यांची वजनं तळहातावर घेऊन बघितलीत. रिक्षात घातला आणि तडक कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे. याचा काटा मी एकदा जप्त केला होता, वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून अख्ख्या भागात त्याच्याइतका खरा काटा नाही. मला बघून आजही उभा राहतो.

"बाई, आता काय चुकलं?"

"तुझं नाही. हे ठेव त्यावर."

चौदा किलो सातशे पन्नास. सोळा म्हणे! भंगारवाला इतका खूश झाला की चहा मागवला. "बाई, म्हणजे आम्हीच नव्हतो चोर!"

तशीच दुकानात. मालक म्हणाला, "कंपनीतूनच असं येतं, मॅडम. थोडं इकडेतिकडे. व्यायामाला काय फरक पडतो?"

"फरक? मी सोळा उचलते असं समजून एका माणसाला उचलायला जाईन, आणि ते माणूस सोळाच्या हिशेबानं पडेल!"

काय फरक पडतो म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या दुकानातले सगळे सोळाचे गोळे काढायला लावले, त्याच्याच पार्सलच्या काट्यावर. सहावा निघाला पंधरा किलो नऊशे. तो घेतला. आठचा मात्र आठच होता. घरी येऊन दोन्हींवर खरं वजन पांढऱ्या रंगानं लिहिलं. ताई हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

२० जानेवारी

हात वर होत नाहीत. वेणी ताईनं घातली — पडल्या पडल्या. रोज एवढंच लिहावं लागणार बहुतेक.

२९ जानेवारी

आठचा पंधरा वेळा, तीन फेऱ्या. स्टुलावर उठाबशा वीस. सोळाचा फक्त चार वेळा, आणि पाचव्याला पाठीत कळ. फिजिओ ओरडली. "पाठीनं नाही, पायांनी! जमीन पायांनी ढकला! गोळा आपोआप येईल!" ढकलली. आला! अशी साधी गोष्ट सहासष्टाव्या वर्षी कळावी.

ताई पलंगावरून मोजते. बोटानं लोखंडी कठड्यावर टिकटिक, तारेसारखी. मी एक चुकवली की दोनदा वाजवते.

४ फेब्रुवारी

ताईनं फर्मान काढलं. तिच्या जेवणाच्या वेळी मी तिच्या खोलीत थांबायचं नाही. गोळा घेऊन बाहेरच्या खोलीत जायचं.

"मला जेवताना तुझ्या धापा ऐकवत नाहीत. घास अडकतो."

बरं बाई. ताट वाढते, उशी नीट करते, दार लोटून बाहेर. वीस मिनिटांत माझं संपतं तेव्हा कामाच्या बाईंनी ताट उचललेलं असतं. लख्ख. मी म्हटलं, तिची भूक तरी सुधारली. माझं जेवण तर दुप्पट झालंय — फिजिओनं रोज दोन अंडी सांगितलीत. कॉन्व्हेंटातल्या मुलीनं या वयात पैलवानाचा खुराक सुरू केला!

१६ फेब्रुवारी

सोळा, दहा वेळा. पाठ दुखली नाही. चोवीसचा आणला. दुकानदारानं मी यायच्या आधीच चार गोळे काट्याजवळ मांडून ठेवले होते. "तुम्हीच बघून घ्या, मॅडम." माणूस सुधारतो. वजनाला घाबरला की लवकर सुधारतो.

२४ फेब्रुवारी

आज फिजिओसमोर ताईला पट्टा बांधला. रुंद, कमरेला, दोन्ही बाजूंना पकडायला कड्या. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवायचे, म्हणजे तिचा पाय घसरत नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. "एक, दोन, तीन" — आणि उचललं. इंचभर. मग बसली परत.

इंचभर. पण हवेत होती!

ताई माझ्या कानाशी म्हणाली, "जड आहे ना मी?"

"पासंगालासुद्धा पुरणार नाहीस," मी म्हटलं. खोटं बोलले. चौतीस वर्षं खोट्या वजनांवर खटले भरले आणि आज स्वतःच तराजूची दांडी मारली.

३ मार्च

भावाचा फोन. "काय, पैलवान?" मी ठेवून दिला.

८ मार्च

कामाच्या बाईंनी खुर्ची धरली, मी उचललं, वळले, बसवलं. अर्धवट बसली, तिरकी, पण खुर्चीत! बाई रडायला लागल्या. मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय? तर पदरानं तोंड झाकून आत गेल्या. हळव्या आहेत फार.

१५ मार्च

एकटीनं. कुणाचा हात नाही. पलंगावरून खुर्चीत. लिहून ठेवते — सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

खिडकीपाशी नेलं तिला. चार महिन्यांनी रस्ता बघितला. समोरचा शिंपी, त्याचं शटर, एक सायकल, दोन शाळकरी मुली भांडत होत्या. तासभर बसली. मी मागे उभी राहिले. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "लोखंड झालं."

मला इतका आनंद झालाय की राग कुणाचा करावा ते सुचत नाही.

२३ मार्च

आता रोज दोनदा. सोपं होत चाललंय, दर आठवड्याला सोपं! गोळा चोवीसचाच आहे, तो काही हलका झालेला नाही, पण ताईला उचलताना मात्र दमसुद्धा लागत नाही. फिजिओला विचारलं, असं होतं का? ती म्हणाली, तंत्र बसलं की होतं. म्हणजे माझं तंत्र बसलं.

ताईचे गाऊन धुऊन धुऊन ताणले गेलेत. खांद्यावरून घसरतात. दोन टाके घातले.

१ एप्रिल

नऊ दिवस. येऊ दे त्याला. तो दारात असतानाच उचलीन, म्हणजे त्याला बसायची गरजच पडायची नाही.

४ एप्रिल

दवाखाना. खुब्याची तपासणी. फोटो चांगला आला. मग नर्सनं खुर्चीसकट ताईला जमिनीतल्या काट्यावर नेलं, खुर्चीचं वजन वजा केलं आणि म्हणाली, "शेहेचाळीस किलो पाचशे."

मी म्हटलं, तुमचा काटा चुकीचा आहे.

"नाही हो, मावशी."

"अठ्ठावन्न आहे ती. तुमच्याच कागदावर आहे. नोव्हेंबरचा."

मग मी तेच केलं जे जन्मभर केलं. गुडघे टेकून बसले आणि शिक्का बघितला. यंदाचा. पडताळणीची तारीख चालू. सील शाबूत. स्वतः उभी राहिले — एकसष्ट. माझं वजन मला माहीत आहे, एकसष्टच. रिकामी खुर्ची परत ठेवली. बरोबर. पुन्हा ताई. शेहेचाळीस पाचशे. रांगेतले लोक बघत होते. काटा खरा होता. याहून खरा काटा मी पाहिलेला नाही.

साडेअकरा किलो.

डॉक्टर म्हणाले, "जेवतात का नीट?" मी म्हटलं, ताट रोज लख्ख असतं. ताई भिंतीकडे बघत होती.

दुकानातला एकूण एक गोळा तपासला मी. आणि जिला उचलायचं, तिला एकदाही नाही.

५ एप्रिल

कामाच्या बाईंना समोर बसवलं. विचारलं. त्यांनी एका दमात सांगितलं, जणू वाटच बघत होत्या.

"मी नको म्हणत होते हो. त्यांनी शपथ घातली. म्हणाल्या, चार घास खाईन, बाकीचं तू डब्यात भर आणि घेऊन जा, छोटीला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी काय करू? मला झोप नव्हती."

त्यांना पाणी दिलं.

ताईच्या खोलीत गेले. दार लावलं. मी तिच्यावर उभ्या जन्मात ओरडले नव्हते. आज ओरडले. मूर्ख म्हटलं, निर्लज्ज म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. मास्तर वरून खाली येऊन दारापर्यंत आले आणि परत गेले. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली —

"तुझी पाठ बघितली मी. पहिल्या आठवड्यात. तेल लावताना. अठ्ठावन्न तुला जमले नसते, छोटे."

"जमले असते!"

"म्हणून ठरवलं. तू वर चढ. मी खाली येते. मधे भेटू."

मी तिथेच स्टुलावर बसले. हे तिचं तीन महिन्यांतलं सगळ्यात लांब बोलणं. मधे भेटू! मी बाहेर धापा टाकत लोखंड उचलत होते आणि दाराआड ही उपाशी राहून माझं काम सोपं करत होती. भूक लागायची का, विचारलं. "लागायची," म्हणाली. "तुझे आकडे मोजायचे."

दुपारी मी स्वतः भरवलं. अर्धी वाटी सूप, अर्धं अंडं. तिसऱ्या चमच्याला तिनं तोंड मिटलं. "दहा तारीख होऊ दे. मग खाते."

६ एप्रिल

अर्धं अंडं. पुढे नाही. विनवलं, धमकावलं, रडले. "दहा तारीख होऊ दे."

८ एप्रिल

फिजिओ म्हणाली, अशक्तपणामुळे चांगला पायसुद्धा आता भार कमी घेतोय. डॉक्टर म्हणतात, हळूहळू वाढवा, पण वाढवा. म्हणजे तिनं पुन्हा अठ्ठावन्न व्हायला हवं. मी सकाळी चोवीसचा गोळा उचलला आणि मनात आकडा मांडत बसले — मी कुठवर, ती कुठवर. दहा तारखेला मी जिंकणार हे नक्की. शेहेचाळीस मी डोळे मिटून उचलीन.

आणि अकरा तारखेपासून? प्रत्येक घासाला ती माझ्या पाठीकडे बघणार. तिला सांगून काही होणार नाही. ती मला ओळखते. मी तिला म्हटलं होतं, पासंगालासुद्धा पुरणार नाहीस. तिला तेव्हाच कळलं असणार.

९ एप्रिल

ताईशी बोलले. दुपारभर. काय बोललो ते लिहीत नाही.

१० एप्रिल

भाऊ वेळेवर आला. पट्टा बांधला, गुडघ्यांना गुडघे टेकवले, ताईचं डोकं माझ्या खांद्यावर. मोजलं — एक, दोन, तीन. आणि उचललं नाही.

"जमत नाही," मी म्हटलं. "अर्ज दे."

त्यानं बॅग उघडली. पेन मीच मागितलं. ताईचं नाव लिहिलं. त्याखाली माझं. दोन पलंगांची खोली मागितली.

संध्याकाळी ताईनं पूर्ण ताट संपवलं. मी समोर बसून बघितलं.